चार ओळींत न मावलेला बग

रोज सकाळी ग्लेनिस ट्रेविन डोक्यावरची हॅटसुद्धा न काढता खुर्चीत बसायची आणि जगभरच्या लोकांनी मॅली डेटाबेसबद्दल कळवलेले बग वाचायची. कुरालो गावातली तिच्या वयाची माणसं पेपर उघडला की आधी निधनवार्ता बघतात, तसं. ओस्लोत कुणाची बेरीज चुकली, लिमात कुणाचा सर्व्हर पहाटे गप्प झाला, असं एकेक वाचून संपलं की हॅट खुंटीला जायची आणि ती शेरा द्यायची. "आज एकानं नीट लिहिलंय." किंवा, बहुतेक दिवशी, "नुसतं पाल्हाळ." मग किटली चालू व्हायची आणि कालवा संस्थेच्या ऑफिसचा दिवस सुरू व्हायचा.

लितिया शेजारच्या टेबलावर, फोनवर असायची. कुरालोत शेताला पाणी हवं असलं की आधी मागणी नोंदवावी लागते. तरुण शेतकरी वेबसाइटवर नोंदवतात, म्हातारे फोन करतात. फोनवरची मागणी लितिया मॅलीत टाइप करायची. रोज सकाळी मॅलीतून यादी निघायची आणि तिच्याप्रमाणे कालव्याची दारं उघडायची. यादीत नाव नाही, तर पाणी नाही.

त्या मॅलीची राखण ग्लेनिसकडे होती. साठीला टेकलेली, उंच, उन्हानं मानेवर ठिपके आलेली बाई. बोलणं मोजकं, आणि जे बोलायची ते असं की पुढे कुणी काही विचारू नये. मॅली कुणा एका कंपनीचं नव्हतं. देशोदेशीची माणसं मिळून ते बनवत आणि फुकट देत. त्या बदल्यात वापरणाऱ्यानं एवढंच करायचं, बिघडलेलं दिसलं की नीट कळवायचं. ग्लेनिस वीस वर्षं नीट कळवत आली होती. तिचे रिपोर्ट पोस्टकार्डावर मावतील एवढेच असत. चार ओळी. त्या आपल्या मशीनवर टाका, चालवा, आणि मॅली तुमच्या डोळ्यांदेखत चुकेल.

"सगळी हकीकत का नाही सांगत?" लितियानं एकदा विचारलं होतं.

"गाडीचा एक स्क्रू सैल असला तर मी अख्खी गाडी ओढत नेत नाही. तो स्क्रू खिशात घालून नेते," ग्लेनिस म्हणाली. "एकेक गोष्ट काढत जायची. काढली तरी बग दिसतोय? मग ती फेकून द्यायची. आता काहीच काढता येत नाही असं झालं की पाठवायचं."

लितिया हसली होती. तिच्या मायदेशी, लौटोका शहरात, एखाद्याकडे कोंबडी हरवल्याचं विचारायला गेलं तरी आधी तास दीड तास सगळ्या नातेवाइकांची खुशाली होते.

*

फेब्रुवारीतली गोष्ट, म्हणजे कुरालोत भर उन्हाळा. पारा चव्वेचाळीसवर, द्राक्षं भरायला लागलेली, आणि एलिओ चेकातोंच्या मळ्यात पाणी आलंच नाही. मागणी त्यांनी वेळेवर केली होती. यादीत मात्र त्यांचं नाव नव्हतं, आणि मॅलीत शोधलं तर मागणीही नव्हती. जणू म्हाताऱ्यानं फोन केलाच नव्हता. त्याच आठवड्यात आणखी दोघांचं तसंच झालं.

मॅनेजर ग्रँटनं नोंदी काढायला लावल्या. कुणी कधी कोणती मागणी उघडली याची खूण राहते. तिन्ही मागण्यांवर शेवटचा हात लितियाचा होता.

त्यानं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. ग्रँट आवाज चढवणारा माणूसच नव्हता, आणि लितियाला तेच जड गेलं.

"हे बघ, चुकून डिलीट दाबलं जातं. उन्हाळ्यात सगळेच दमलेले असतात," तो म्हणाला. "तू मान्य कर, मी समितीला तसं सांगतो. शुक्रवारी बैठक आहे."

"आणि माझा करार?"

"तो समितीच्या हातात आहे."

करार या महिनाअखेर संपणार होता. करार वाढला नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर मुलीची अकरावी अर्धवट टाकून घर आवरायचं आणि लौटोकाला परत जायचं. ग्रँटला हे माहीत होतं. तो खिडकीबाहेर तारेवर बसलेल्या गुलाबी काकाकुव्यांकडे बघत बसला.

लितिया बाहेर आली तेव्हा ग्लेनिस सँडविचचा कागद सोडत होती.

"तू डिलीट दाबलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं." ग्लेनिसनं कागद पुन्हा बंद केला. "म्हणजे मॅलीनं खाल्लं."

तिनं आणखी एकही प्रश्न विचारला नाही, सहानुभूतीचा एक शब्दही काढला नाही. लितियाला आधी ते लागलं. दुपार होईपर्यंत लक्षात आलं की तिच्या शब्दावर कुणीतरी कामाला लागलंय, आणि मग उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा डबा उघडायला तिला भूक लागली.

*

दोन दिवसांनी ग्लेनिसनं तिला खुर्ची ओढून जवळ बसवलं. शेजारी एक जुनं मशीन घरघरत होतं. त्यावर तिनं, मागण्या हरवल्या त्याआधीच्या रात्रीच्या बॅकअपवरून, संस्थेच्या सगळ्या नोंदींची नक्कल उतरवली होती.

"मॅलीत तू एखादी मागणी बदललीस की जुन्यावर खाडाखोड होत नाही," ती म्हणाली. "नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी तशीच पडून राहते. मागाहून एक झाडूवाला फिरतो आणि जुन्या प्रती उचलून नेतो. आपला झाडूवाला किती वाजता फिरतो?"

"मला काय माहीत?"

"सहा वाजता. रात्री बॅकअप चालतो म्हणून मीच तो सहाला लावलाय. आणि सहा वाजता इथे कोण असतं?"

"मी," लितिया म्हणाली. उन्हाळ्यात पहाटेची पाळी तिनं मागून घेतली होती, दुपारी मुलगी शाळेतून यायच्या आत घरी पोचता यावं म्हणून.

"म्हाताऱ्यांना झोप नसते. ते सहालाच फोन करून मागणीत बदल सांगतात. तू बदल लिहितेस, त्याच क्षणी झाडूवाला तिथून जातो, आणि जुन्या प्रतीबरोबर नवीही घेऊन जातो. बघ."

तिनं चेकातोंची मागणी उघडली, एक शब्द बदलला, झाडूवाला सोडला. मागणी नाहीशी झाली. बॅकअपमधून परत आणून पुन्हा केलं, पुन्हा नाहीशी झाली. लितियानं आपला हात तोंडावर ठेवला. आपण वेड्या नाही हे पडद्यावर असं उघड दिसेल असं तिला वाटलं नव्हतं.

ग्रँटनंही येऊन पाहिलं. पँटच्या खिशात हात घालून, शांतपणे.

"जुनं मशीन आहे," तो म्हणाला. "आणि तू तिची मैत्रीण आहेस. मी समितीपुढे हे कसं नेऊ? मॅली बनवणारे म्हणाले की त्यांची चूक आहे, तर गोष्ट वेगळी."

"म्हणतील," ग्लेनिस म्हणाली. "उद्या."

मग ती कापायला बसली. संस्थेच्या हजारो मागण्यांतून एक ठेवली. पन्नास रकान्यांतले तीन ठेवले. शेवटी एक अडचण उरली. शेतकऱ्यांची नावं आणि त्यांनी मागणीसोबत सांगितलेल्या सूचना जगापुढे टाकता येत नाहीत. ती त्यांची खाजगी गोष्ट. तिनं नावाच्या जागी 'अ' घातलं, सूचनेच्या जागी 'काही नाही' लिहिलं, आणि पाठवून दिलं. चार ओळी. दुपारचे तीन वाजले होते. मॅलीचा तो भाग सांभाळणारा ओंद्रेय तेव्हा तिकडे दूर, ब्रनो शहरात, झोपलेला असणार.

सकाळी त्याचं उत्तर आलेलं होतं. ग्लेनिसनं ते हॅट घालूनच वाचलं, आणि नंतर हॅट काढायची विसरली. लितियानं तिच्या खांद्यावरून पाहिलं.

'ग्लेनिस, तुझे रिपोर्ट मी डोळे मिटून खरे मानतो. पण हा मी उघड्या डोळ्यांनी दहा मशीनवर चालवला. काही हरवत नाही. तुझी डिस्क तपासून घे. सध्या बंद करतोय.'

खाली लाल शिक्का होता: दिसत नाही, बंद.

ग्लेनिसच्या नावापुढे असा शिक्का याआधी कधी लागला नव्हता. ग्रँटला मेलची प्रत गेली होती. तो टेबलाशी आला, खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "तुझ्याच लोकांनी सांगितलं की, ग्लेन."

"माझ्या लोकांना मी अजून नीट सांगितलेलं नाही," ग्लेनिस म्हणाली.

तो गेल्यावर तिनं स्वतःच पाठवलेल्या चार ओळी स्वतःच्या मशीनवर चालवल्या. मागणी जागच्या जागी. पुन्हा चालवल्या. जागच्या जागी. तिचे कान लाल झाले.

"नाव आणि सूचना बदलल्यावर मी चालवून बघितलंच नाही," ती म्हणाली. "एवढंसं तर बदललं, म्हटलं त्यानं काय होतंय. नवशिका असं करतो. मी त्यांना झापते यावरून."

"मग आता?"

"आता जे काढलं त्यातच काहीतरी होतं."

*

त्याच दिवशी, गुरुवारी, चेकातो स्वतः आले. अंजिरांचा खोका काउंटरवर आदळला आणि सुरू झाले.

"पोरी, माझं पाणी कुठंय?"

"दुसऱ्या दिवशी दिलं ना, मिस्टर चेकातो."

"दुसऱ्या दिवशी! द्राक्षांना सांगू का, बायांनो, एक दिवस श्वास रोखून धरा? मी तुला फोनवर सगळं सांगितलं होतं. दार हळू उघडा, कारण त्या निकोच्या पंपानं माझा बांध आधीच खचलाय, आणि तो निको, त्याचा बापही असाच होता, बापानं आमच्या लग्नात दोन खुर्च्या मोडल्या आणि एकही भरून दिली नाही. आणि काकाकुव्यांनी ठिबकच्या नळ्या कुरतडल्यात, सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं. मी लिहिलंही होतं."

"सगळं?"

"सगळं. तुम्ही मला परत वाचून दाखवायला लावता."

"लावणारच. मागच्या वेळी तू गुडघ्याचं गाळलं होतंस."

ग्लेनिस मान वर न करता म्हणाली, "लितिया, त्यांची सूचना केवढी असते?"

"फोन कानाला लावून माझी मान अवघडेल एवढी."

"आणि त्या दुसऱ्या दोघांची?"

लितिया आठवू लागली. एक मिसेस हालोरन, ज्यांना प्रत्येक मागणीबरोबर नवऱ्याच्या आजारपणाचं सांगायचं असे. दुसरा सोहन सिंग, जो कालव्याच्या दाराची दुरुस्ती कशी करावी हे दर वेळी नव्यानं समजावून द्यायचा.

"तिघंही बोलके आहेत," ती म्हणाली.

ग्लेनिसनं खुर्ची वळवली. तिचा चेहरा उजळला असं म्हणता येणार नाही. तिचा चेहरा तशातला नव्हता. पण ती चेकातोंकडे अशी बघत होती, जशी लोक घरातल्या हरवलेल्या किल्लीकडे बघतात.

"लांब मजकूर असला की मॅली तो त्या ओळीत ठेवत नाही," ती म्हणाली. "मागच्या कोठीत टाकतं आणि ओळीत फक्त चिठ्ठी ठेवतं. झाडूवाला कोठीत गोंधळतोय. आणि मी त्याला पाठवलं, 'काही नाही'."

तिनं लगेच एक लांब सूचना केली: एकच अक्षर हजारो वेळा. चालवलं. मागणी जागच्या जागी.

"हे का चालत नाही?" लितियानं विचारलं.

ग्लेनिसनं पडद्यावरच्या रांगेवर बोट ठेवलं. "एकच अक्षर आहे ना, मॅली ते दाबून मुठीएवढं करतं. मग कोठीत टाकायची गरजच पडत नाही. माणसाचं बोलणं तेवढं दाबलं जात नाही. ते दर ओळीला वेगळं असतं."

"मग लिही ना काहीतरी."

ग्लेनिसनं प्रयत्न केला. लितियानं तिला बोटं चालवताना पाहिलं, थांबताना पाहिलं, आणि मग खुर्ची मागे रेटताना पाहिलं. पडद्यावर चार ओळी होत्या.

"मला एवढंच सुचतं," ग्लेनिस म्हणाली.

चेकातो काउंटरवर रेलून हे सगळं ऐकत होते. "काय हवंय हिला?"

"तुमचं बोलणं हवंय, मिस्टर चेकातो," लितिया म्हणाली. "त्या दिवशीचं, फोनवरचं. आहे तसं."

"एखाद्या पेपरातला मजकूरही चालला असता," ग्लेनिस म्हणाली. "पण तो दुसऱ्याच्या मालकीचा. आणि मला जे हरवलं तेच दाखवायचंय. पण ते सगळ्या जगाला दिसेल. कायमचं. तुमची परवानगी असली तरच."

म्हाताऱ्यानं एक अंजीर उचलून सोललं. "सगळ्या जगाला? म्हणजे निकोचा बाप काय लायकीचा होता, हे कळणार लोकांना?"

"निकोचं नाव मी बदलणार. तेवढ्याच अक्षरांचं दुसरं घालणार."

"मग काय मजा राहिली?"

"मिस्टर चेकातो," लितिया म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्याही नकळत खाली आला. "उद्या माझी बैठक आहे. त्यांचं म्हणणं, तुमची मागणी मी पुसली."

त्यांनी अंजीर खाली ठेवलं. "तू? तू तर माझा गुडघासुद्धा लिहून घेतेस." मग ग्लेनिसकडे वळून म्हणाले, "घाल. निकोच्या जागी जिनो घाल. जिनो माझा मेहुणा, त्यानंही एक खुर्ची मोडली होती."

त्या जुन्या बॅकअपमध्ये ती सूचना अजून शाबूत होती. ग्लेनिसनं निकोचा जिनो केला, चेकातोंच्या नावाचा 'अ' तसाच ठेवला, आणि या वेळी आधी चालवून पाहिलं. मागणी नाहीशी झाली. लितियाला चालवायला लावलं, ती तिच्याही हातून नाहीशी झाली. मग पाठवलं. रिपोर्ट दीड पानाचा झाला होता. पाठवण्याआधी ग्लेनिसनं वर एकच ओळ लिहिली: 'कालचा रिपोर्ट चुकीचा होता, मी शेवटचं कापल्यावर तपासलं नाही. हा बरोबर आहे.'

"एवढी खात्री?" लितियानं विचारलं.

"तू दोनदा आणि मी चारदा बघितलंय. खात्री वेगळी काय असते?"

*

शुक्रवारी समितीची माणसं दहाला जमणार होती. लितिया सहाला आली आणि फोन घेऊ लागली. ग्लेनिस नेहमीच्या वेळी आली. बसली. वाचू लागली. लितियानं मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

"ये इकडे," ग्लेनिस म्हणाली.

ओंद्रेयचं उत्तर लांबलचक होतं, त्याला ते शोभत नव्हतं. 'दिसलं. दहाच्या दहा मशीनवर दिसलं. झाडूवाल्याच्या कोठीतल्या हिशोबात आमची चूक आहे, आणि ती चार वर्षांपासून आहे. लोकांच्या नोंदी हरवल्या असतील आणि त्यांनी स्वतःला किंवा शेजाऱ्याला दोष दिला असेल. दुरुस्ती आज रात्री निघेल. तोवर झाडूवाला बंद ठेवा. एक विनंती: हा मजकूर आम्ही मॅलीच्या कायमच्या चाचण्यांत ठेवू का? असा दुसरा मिळणं कठीण आहे. आणि हा जिनो कोण? आमच्या इथे सगळे विचारताहेत.'

ग्लेनिसनं ते छापून काढलं आणि काचेच्या खोलीत नेऊन ग्रँटच्या पुढ्यात ठेवलं. ग्रँटनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाहेर आला, लितियाच्या टेबलाशी उभा राहिला आणि खिशातले हात बाहेर काढले.

"मी तुला मान्य कर म्हणालो होतो," तो म्हणाला.

"हो," लितिया म्हणाली.

"तू केलं नाहीस ते बरं झालं. मी समितीला तसंच सांगणार. माझ्या चुकीसकट."

त्यानं तसंच सांगितलं. काचेच्या खोलीतून ऐकू येत होतं. समितीतल्या एकानं विचारलं, बोलक्या माणसांचं पाणी तेवढं का गेलं, आणि ग्रँट ते समजावून सांगायला लागला आणि अडकला, तेव्हा ग्लेनिस आत गेली आणि चार वाक्यांत सांगून बाहेर आली. करार दोन वर्षांनी वाढला. लितियानं त्या संध्याकाळी मुलीला फक्त एवढंच सांगितलं की गणिताची नवी वही घे.

मॅलीची दुरुस्ती निघाली तेव्हा खाली बग कळवणाऱ्यांची नावं होती, तशी रीतच आहे. ग्लेनिसनं ओंद्रेयला सांगून आपल्या आधी लितियाचं नाव घालायला लावलं होतं. तिसरं नाव एलिओ चेकातोंचं, आणि त्यांच्याच होकारानं त्यांचा मजकूर चाचण्यांत गेला. कुठेही, कुणीही मॅलीच्या कोडमध्ये एक अक्षर बदललं की ती चाचणी चालते. जगातल्या शेकडो मशीनवर रोज एक म्हातारा आपल्या बांधाची, काकाकुव्यांची आणि गुडघ्याची तक्रार सांगतो, आणि मॅलीला ती शेवटपर्यंत ऐकून घ्यावी लागते. चेकातोंनी हे गावातल्या क्लबात इतक्यांदा सांगितलं की खऱ्या निकोनं एकदा त्यांना बिअर पाजली आणि विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस.

लितियाला मात्र चटक लागली. फोन नसले की ती खुर्ची ओढून ग्लेनिसजवळ बसायची, कापायला शिकायची. सुरुवातीला तिला काही टाकवत नसे. सगळ्या गोष्टींची तिला दया यायची. ग्लेनिस टाकायला लावायची. "तुला ही ओळ आवडते की गरजेची आहे?" ती विचारायची. बहुतेक वेळा आवडत असे. दुसऱ्या हिवाळ्यात लितियाचा पहिला स्वतःचा बग ओंद्रेयनं मान्य केला. त्या दिवशी ग्लेनिसनं शेरा दिला, "आज एकीनं नीट लिहिलंय," आणि लगेच किटली लावली.

पुढच्या ऑगस्टमध्ये, एका रविवारी, ग्लेनिस घरीच झोपेत गेली. कुणाला काही करायला लागलं नाही, कुणाला बोलवावंही लागलं नाही; ते तिच्यासारखंच झालं. ओंद्रेयनं तिच्याबद्दल मॅलीवाल्यांच्या मेलच्या यादीवर लिहिलं, आणि ओस्लो-लिमाहून लोकांनी दोन-दोन, तीन-तीन ओळींत उत्तरं दिली. पाल्हाळ कुणीच लावलं नाही. आज त्या खुर्चीत लितिया बसते.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी ग्लेनिस खांद्याला पिशवी अडकवून निघाली होती. लितियानं तारखांच्या एका गोंधळाबद्दल रिपोर्ट लिहिला होता, तो तिनं दाराशी जाता जाता उभ्यानंच वाचला.

"दुसरी ओळ काढ," ती म्हणाली. "आणि सोमवारी दूध तू आण, मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."